परसातली पत्रिका

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे एक बोळ आहे. रिक्षा आत शिरली की समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला पाय उचलून भिंतीला टेकावं लागतं. त्या बोळात, रामकुंडाकडे उतरणाऱ्या बाजूला, लग्नपत्रिकांचं एक दुकान होतं. आमच्या दिंडोरी-वणीकडे लग्न ठरलं की माणूस आधी तारीख काढायचा आणि मग एस.टी. धरून ह्या दुकानात यायचा. भिंतीवर गणपतीच्या, कलशाच्या, सनईच्या कोऱ्या पत्रिका टाचलेल्या असायच्या. त्यातली एक पसंत करायची, नावं सांगायची, आणि काचेच्या आड बसलेल्या वत्सलाबाई वडजे ती नावं कॉम्प्युटरवर लिहून घ्यायच्या.

वत्सलाबाईंना आमच्या भागातली निम्मी घरं नावानिशी ठाऊक होती. चेहरे ठाऊक नव्हते. कोण कुणाचा मामा, कोण गेल्या साली सरपंच झाला, कोण वारलं, हे मात्र बोटांवर होतं. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरानवरीला तळहाताएवढी जागा लागते, बाकीचा कागद भाऊबंदांचा. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही. नावापुढचं चुकलं तर पुढची पिढीसुद्धा बोलत नाही. श्री. कुणाला, सौ. कुणाला, श्रीमती कुणाला आणि कै. कुणाला, हे वत्सलाबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून घ्यायच्या. "नाना आहेत ना अजून?" हे त्या इतक्या सपाट आवाजात विचारायच्या की "आहेत" म्हणणाऱ्याला आणि "गेले श्रावणात" म्हणणाऱ्याला सारखंच वाटायचं.

गिऱ्हाइकाची नजर जायची ती त्यांच्या हातांवर. कॉम्प्युटरपाशी बसलेला माणूस उजव्या हाताखाली माऊस धरून टेबल घासत बसतो, हे तोवर आमच्याकडच्यांनीही बँकेत, तहसिलात पाहिलेलं होतं. वत्सलाबाईंचा माऊस पडद्यामागे पालथा पडलेला असायचा, अंगाभोवती स्वतःचीच वायर गुंडाळून. त्यांचे दोन्ही हात कीबोर्डवर, मान ताठ, नजर समोर. पडद्यावर कागद उघडायचे, मिटायचे, एकामागून एक सरकायचे, आणि त्यांची बोटं सोडून अंगातलं दुसरं काही हलायचं नाही. ज्वारी निवडणाऱ्या बाईचे हात चालतात आणि मन भलतीकडेच असतं, तसं ते दिसायचं. मन कुठे असतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, कुठंच नाही.

वत्सलाबाईंचं सासर वणीच्या अलीकडे. नवरा बारकू अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता. नाशकात एका खोलीत संसार, रोशनी नावाची एक मुलगी. बारकू सकाळी भाकरीचा डबा सायकलच्या हँडलला अडकवायचा, सायकल स्टँडवर लावायचा आणि कंपनीच्या बसने अंबडला जायचा. बोलणं बेताचं, विडी नाही, भांडण नाही. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो एके दिवशी असाच डबा घेऊन गेला आणि परत आला नाही. सायकल स्टँडवर कुलूप लावून उभी होती. चौकशीला कारखान्यावर माणूस पाठवला तेव्हा कळलं, की त्या कारखान्याला कुलूप लागून बरेच महिने झाले होते. इतके दिवस तो रोज डबा घेऊन कुठे जात होता, भाकरी कुठे बसून खात होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. डबा मात्र रोज घासून आणलेला असायचा.

शोधायचं तितकं शोधलं. पोलिसांत फोटो दिला. त्र्यंबकला, शिर्डीला, वणीच्या गडावर माणसं जाऊन आली. कुणीतरी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं दाढी वाढवलेला एक माणूस घाटावर बसतो. वत्सलाबाई घाटावर जाऊन त्या माणसाच्या समोर उभ्या राहिल्या. तो दुसराच कुणी होता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पीठ मळायला घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईटही वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही. तेव्हापासून ते तसंच राहिलं. दात काढताना डॉक्टर सुई टोचतो, गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो. तसं.

पत्रिकांच्या दुकानात तेव्हा खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणाखणांच्या पेटीतून उचलायचं आणि पट्टीवर उलटं रचायचं. वत्सलाबाई आधी कागद घडी घालायला लागल्या, मग खिळे जुळवायला शिकल्या. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पेटीकडे बघायचं नाही. बघून उचलणारा कारागीर कधी पुरा होत नाही. प्रत्येक अक्षराला घर आहे, हाताला ते घर सापडलं पाहिजे. वत्सलाबाईंना हे मानवलं. काना कुठे, वेलांटी कुठे, जोडाक्षरं कुठल्या कोपऱ्यात, हे हाताला कळलं आणि डोकं मोकळं झालं. संध्याकाळी रॉकेलने खिळे धुताना बोटांची टोकं पांढरी पडायची, टाचणी टोचली तरी कळायचं नाही. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

पुढे खिळे भंगारात गेले. मालकांचा मुलगा ललित कॉम्प्युटर शिकून आला आणि त्याने दुकानात यंत्र मांडलं. चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं नाही हा त्याचा हट्ट, म्हणून त्याने त्यावर लिनक्स चढवलं. सगळ्यांना मोकळी, फुकट मिळणारी प्रणाली आहे म्हणाला. वत्सलाबाईंना प्रणालीशी कर्तव्य नव्हतं. मराठी सुरू केली की कीबोर्डच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा लागायचा, तेवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांना खटकला तो माऊस.

"ललित, ह्याचं घर कुठंय?"

"घर म्हणजे?"

"हात नेला की तिथंच सापडेल असं."

"त्याला घर नसतं मावशी. फिरवाल तिकडं तो."

"मग काय उपयोग," वत्सलाबाई म्हणाल्या.

तरी त्यांनी तो वापरून पाहिला, आणि पहिल्याच लग्नसराईत मोहाडीच्या एका पत्रिकेत घोळ झाला. त्या यंत्राची एक खोड होती. माऊसने मजकुरावरून नुसतं ओढलं की तो मजकूर यंत्र मनात धरून ठेवायचं, आणि मधलं चाक चुकून दाबलं गेलं की जिथे बाण असेल तिथे तो टाकून द्यायचं. वत्सलाबाईंनी आधीच्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे पेठकडच्या निवृत्ती गांगोडे नावाच्या गृहस्थाच्या नावावरून माऊस ओढला होता. ते नाव मोहाडीच्या पत्रिकेत मामांच्या रांगेत जाऊन बसलं. पत्रिका छापली, वाटली. मुलाच्या आईला वाटलं हे वडलांकडचे कुणी. वडलांना वाटलं बायकोच्या माहेरचे, विचारलं तर उगाच भांडण. कुणीतरी एक पत्रिका पेठला पोचवली. निवृत्ती गांगोडेंनी ती दोनदा वाचून घेतली. नाव छापलंय म्हणजे मान आहे, आणि मान आहे तर गेलं पाहिजे, असा विचार करून ते भाचेसुनेला साडी घेऊन लग्नाला हजर झाले. मामा म्हणून त्यांना टोपी-उपरणं मिळालं. ते अंतरपाट धरायलाही उभे राहिले. जेवणाच्या पंगतीत खऱ्या मामाने हळूच विचारलं, "तुम्ही नेमके कुणाकडचे?" तेव्हा निवृत्तीबुवा म्हणाले, "पत्रिकेकडचे."

ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. ललित हसून लोळला. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माऊसची वायर त्याच्या अंगाभोवती गुंडाळली आणि तो पडद्यामागे ठेवून दिला.

"मग काम कसं करणार?" ललितने विचारलं.

"हातानं," त्या म्हणाल्या.

ललितने त्यांना एकेक कळ दाखवली. कंट्रोल आणि एस दाबलं की काम जपलं जातं. आल्ट आणि टॅब दाबलं की खालचा कागद वर येतो. आल्ट आणि एफ-दोन दाबलं की यंत्र विचारतं, काय उघडू, आणि आपण नाव लिहायचं. एक छोटं अक्षर लिहून एफ-तीन दाबलं की 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही अख्खी ओळ आपोआप उमटते. हे सगळं वत्सलाबाईंच्या हाताने पेटीसारखं घेतलं. प्रत्येक कामाला घर होतं. हात नेला की ते तिथेच सापडत होतं. जे काल जिथे होतं ते आज तिथेच असणं, ह्याची त्यांना फार किंमत होती.

आणि त्या यंत्रात एकामागे एक चार पडदे होते. कंट्रोल आणि आल्ट धरून बाण दाबला की पूर्ण पडदा सरकायचा आणि दुसरा कोरा पडदा समोर यायचा. ललित त्यांना एक, दोन, तीन, चार म्हणायचा. वत्सलाबाईंनी त्यांना नावं दिली. पहिला ओटा, तिथे समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं काम. दुसरं घर, तिथे जुन्या पत्रिका. तिसरी चूल, तिथे छपाईला निघालेलं. चौथा परसू. परसात बरीच वर्षं काही नव्हतं. कधीमधी, दुकानात कुणी नसलं की, त्या बाण दाबत परसात जायच्या आणि त्या रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत बसायच्या. मग परत ओट्यावर यायच्या.

दोन हजार सहा साली रोशनीचं लग्न ठरलं. मुलगा सातपूरला नोकरीला, घर निफाडकडचं, वडील गोटीराम कदम. माणूस सरळ. साखरपुडा झाला आणि पत्रिकेचं काम अर्थात वत्सलाबाईंकडेच आलं. त्यांनी त्या दिवशी परसात एक कोरा कागद उघडला आणि 'चि. सौ. कां. रोशनी' लिहिलं. त्याखाली कंस आला. कंसात वडलांचं नाव येतं. तिथे बोटं थांबली. खिळे जुळवायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी हात मांडीवर घेतले, बघितले आणि बाण दाबून ओट्यावर परत आल्या.

आठवड्याने गोटीराम कदम दुकानात आले. बाकावर बसले, चहा घेतला, पत्रिकांची भिंत बघून झाली.

"विहीणबाई, आमच्याकडची नावं ह्या कागदावर आहेत. तुमच्याकडची झाली का?"

"झाली. एक राहिलंय."

गोटीरामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तेच बोलायला आलो. रागावू नका."

"बोला ना भाऊ."

"आमच्या भावकीत कुजबुज हाय. पत्रिकेत पोरीच्या बापाला श्री. लावलं तर लोक मांडवात त्याला शोधणार. कुठंयत म्हणणार. कै. लावलं तर म्हणणार, कधी गेले, दहावं कुठं केलं, आम्हाला कळवलं नाय. बरं, आता बारा वर्षं झाली. दर्भाचा पुतळा करून विधी करतात, रामकुंड तुमच्या दारात हाय. मी काय बी एक सांगत नाय. तुम्ही श्री. म्हणा, मी मांडवात छाती पुढं काढून सांगीन की परगावी हायेत. कै. म्हणा, मी खांदेकऱ्यासारखा विधीला उभा राहीन. पण दोन्हीतलं एक म्हणा. मधलं काय छापता येत नाय."

"नाही येत," वत्सलाबाई म्हणाल्या.

"अन् विधी करायचा तर लग्नाआधी केला पायजे. म्हणून घाई."

"बरं."

ह्या बाईने रडावं, निदान चिडावं, अशी गोटीरामांची तयारी होती. त्यांनी टोपी घातली. "चहा चांगला होता," म्हणाले आणि गेले.

आता ही अडचण शहरातल्या वाचकाला लहान वाटेल. एक अक्षर आणि एक टिंब. पण आमच्याकडे त्या एका अक्षरावर बाईचं सगळं उभं असतं. नवऱ्यापुढे श्री. असलं तर तिच्यापुढे सौ. आणि मुलीच्या हळदीत तिचा हात पहिला. नवऱ्यापुढे कै. आलं की तिच्यापुढे श्रीमती, आणि हळद लागताना ती मागच्या रांगेत, स्वतःच्याच पोरीच्या लग्नात दाराआडून बघणारी. हा रिवाज बरा का वाईट, तो वेगळा विषय. मांडव घालायचा होता तो ह्याच गावात.

रोशनीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, मला त्यांचा चेहरा फोटोतलाच आठवतो. तू लिहिशील ते."

वत्सलाबाईंनी कंसात 'श्री. बारकू' लिहिलं. बघितलं. मग श्री. पुसून कै. लिहिलं. तेही बघितलं. मग कंट्रोल आणि झेड दाबलं. ह्या कळीने केलेलं मागे फिरतं. कै. गेलं, श्री. परत आलं. कंट्रोल आणि वाय दाबलं, तशी मागे फिरलेली गोष्ट पुन्हा झाली. श्री. गेलं, कै. आलं. झेड, वाय. झेड, वाय. दार उघडून एक माणूस आत येतो आणि बाहेर जातो, तसा बारकू त्या कंसात ये-जा करत राहिला. वत्सलाबाईंच्या छातीत काही झालं नाही. त्यांना स्वतःलाच त्याचं थोडं नवल वाटलं. कुठल्या तरी एका अक्षराला हात अडखळेल, आत काही हलेल, मग तेच खरं समजून ठेवू, अशी त्यांची अटकळ होती. दोन्ही अक्षरं सारखीच निघाली.

त्या दिवसापासून परसातला तो कागद त्यांनी बंदच केला नाही. कारण त्यांना यंत्राची एक गोष्ट ठाऊक होती. कागद उघडा आहे तोवर केलेलं मागे फिरवता येतं. एकदा तो जपून मिटला आणि पुन्हा उघडला, की यंत्र मागचं सगळं विसरतं. शेवटी जे लिहिलं तेवढंच उरतं. म्हणून संध्याकाळी दुकान बंद करताना त्या यंत्र बंद करीनात. पडद्याचा दिवा फक्त मालवायच्या. तेव्हा वीज रोज भरदिवसा जायची. वीज गेली की खालची बॅटरी शिट्ट्या मारायची, आणि वत्सलाबाई ललितला म्हणायच्या, "जनरेटर ओढ."

"मावशी, सेव्ह करून बंद करा ना. यंत्र तापतं."

"तापू दे."

ललितने एकदा त्या पाणी प्यायला उठल्या असताना बाण दाबला होता. परसातली पत्रिका त्याने बघितली. नंतर तो काचेशी घुटमळत म्हणाला, "मावशी, एक सुचवू? नावच गाळा. आजोबांचं टाका. कै. अमक्यांची नात. पुष्कळ लोक टाकतात."

"टाकतात. मीच लिहिते त्या पत्रिका," वत्सलाबाई म्हणाल्या. "ती बापाची जागा रिकामी दिसती, ललित. वाचणारा आधी तिथंच बोट ठेवतो."

"मग उपरण्यावर निवृत्ती गांगोडेंना बोलवू. ते येतील," ललित म्हणाला.

वत्सलाबाईंच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. त्याला ते पुरलं.

चैत्र निम्मा झाला होता. वणीला जाणाऱ्या यात्रेकरूंचे जथे बोळाच्या तोंडाशी नारळ घेत होते. छपाईला आता उशीर होत होता, गोटीरामांचा दोनदा निरोप येऊन गेला. आणि एका सकाळी बारकूची आई, चिमणाबाई, एकटीच एस.टी.ने गावाहून आली. डोक्यावर नागलीच्या पापडांचं गाठोडं. म्हातारी दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. आत आली, पंख्याखाली उभी राहून घाम पुसला, आणि सुनेच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"आत्याबाई, निरोप पाठवायचा. मी आले असते."

"तू कशाची येती. तुला लग्नाची घाई." तिने यंत्राकडे हनुवटी केली. "हेच व्हय ते? ज्यात माणसं लिहिती?"

"हो."

"उंदीर असतो म्हणं त्याला."

"असतो. मी नाही घेत हाताशी."

"बरं करती." म्हातारीने गाठोडं मांडीवर घेतलं. "गोटीराम आला व्हता घरी. म्हणला, सूनबाई अडून बसलीय. माझ्यापाई अडलीस का?"

वत्सलाबाईंनी खरं तर तसाही विचार केला होता. म्हातारी जिवंत आहे, तिच्या पोराला आपण कसं मारायचं. बायकोला नवरा नसला तर नसतो. आईचा मुलगा असा एका अक्षराने काढून कसा घ्यायचा.

"तुम्ही सांगाल ते लिहिते, आत्याबाई. तुमचा मुलगा आहे."

चिमणाबाईने गाठोडं पायाशी उतरवलं आणि म्हणाली, "वत्सला, मी बारा वरसं रडले नाय."

"माहीत आहे."

"तुला नाय माहीत. लोकं म्हणतात म्हातारीचं काळीज दगड हाय. आगं, जित्या माणसासाठी रडू नये. अपशकुन. तिकडं कुठं भाकर खात बसला असंल अन् हिकडं आई गळा काढती, म्हणून त्याच्या घासात खडा जायचा. म्हणून मी पोळ्याला रडले नाय, दिवाळीला रडले नाय. त्याचा बाप गेला तव्हा रडले, ते बी बेतानं, की चुकून ह्याच्यासाठी निघायचं. आता ऱ्हायलेत किती दिस? मी मेल्यावर त्याला रडणारं कोण हाय? तुला तर येत नाय."

"नाही येत," वत्सलाबाई म्हणाल्या.

"मग लिही. तू लिहिल्याबिगर मला रडता येत नाय."

दुकानात एक गिऱ्हाईक शिरलं होतं. ललितने त्याला हळूच बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

"आणि उद्या आला तर?" वत्सलाबाईंनी विचारलं. हे त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने विचारलं.

"आला तर मी त्याला सांगन, बाबा, तुझ्यासाठी रडून घेतलं, आता जेव." म्हातारीने डोळे मिटले. "लिही पोरी. अन् कुंकवाचं मी बघते. सासू मी हाय. हळदीला तुझाच हात पयला लागंल, कुणी बोललं तर माझ्याकडं धाडायचं."

वत्सलाबाईंनी कंट्रोल आणि आल्ट धरलं आणि बाण दाबत ओटा, घर, चूल मागे टाकत परसात गेल्या. कागद जिथे ठेवला होता तिथेच होता. कंसात त्या दिवशी श्री. होतं. त्यांनी कंट्रोल आणि वाय दाबलं. कै. आलं. खाली निमंत्रकाच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव होतं, त्यापुढचं सौ. पुसून त्यांनी श्रीमती लिहिलं. हिरवा दिवा जळत होता. मग कंट्रोल, पी आणि एंटर. कोपऱ्यातला प्रिंटर गुरगुरला आणि कागद बाहेर आला.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. "कुठंय त्याचं?" तिने विचारलं. वत्सलाबाईंनी बोट ठेवून दाखवलं. चिमणाबाईने आपलं काळवंडलेलं बोट त्या अक्षरावर ठेवलं, तिथून बारकूच्या नावावरून शेवटपर्यंत नेलं, जसं लहान मुलाच्या पाठीवरून नेतात. आणि मग ती रडली. सुरुवातीला आवाजच आला नाही. मग आला तो इतका जुना होता की बोळातली माणसं थांबली. भाजीवाल्या बायका आत येऊन तिला धरून बसल्या. काय झालं, कोण गेलं, त्या विचारत होत्या. "माझा बारकू गेला," म्हातारी म्हणत होती. "कधी?" "आत्ता."

वत्सलाबाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. हाताला म्हातारीचं हुंदक्यांनी हलणं लागत होतं. त्यांना स्वतःला काही होत नव्हतं. त्या तिथे उभ्या होत्या आणि फार लांबून हे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात रामकुंडावर विधी झाला. गोटीराम कदम शब्द दिल्याप्रमाणे उभे राहिले. दर्भाचा तो लहानसा पुतळा इतक्या लवकर जळला की भटजींचे मंत्र मागे राहिले. वैशाखात लग्न लागलं. हळदीला वत्सलाबाईंचा हात पहिला लागला, कपाळाला टिकली होती, आणि ज्या दोन बायका कुजबुजल्या त्यांना चिमणाबाईने मांडवाच्या दारात बसून असं काही ऐकवलं की त्यांनी जेवतानाही मान वर केली नाही.

ते सगळं पुढचं. त्या सकाळी, म्हातारीला ललितच्या स्कूटरवर बसवून खोलीवर धाडल्यावर, वत्सलाबाई पुन्हा यंत्रापाशी बसल्या. परसातला कागद उघडाच होता. झेड दाबलं असतं तर सगळं अजूनही मागे फिरलं असतं. आधी श्रीमती पुसलं गेलं असतं, मग कै., आणि बारकू परत श्री. होऊन त्या कंसात उभा राहिला असता, डबा घासून आणलेला.

त्यांनी कंट्रोल आणि एस दाबलं. कागद जपला गेला. मग कंट्रोल आणि डब्ल्यू. कागद मिटला. मग बारा वर्षांत शिकलेल्या त्याच सवयीने, न बघता, त्यांनी तो पुन्हा उघडला. कै. बारकू तुकाराम वडजे. त्यांनी कंट्रोल आणि झेड दाबलं.

काही झालं नाही. त्यांनी आणखी एकदा दाबलं. अक्षर हललं नाही. कळ तिच्या घरात होती, बोट बरोबर पडलं होतं, फक्त मागे फिरायला आता काही नव्हतं.

झेडवरचं ते बोट त्यांनी दुसऱ्या हाताने धरलं, दाबून पाहिलं. दुखलं.

बाहेरच्या बाकावरचं गिऱ्हाईक खाकरलं. वत्सलाबाईंनी बाण दाबला, चूल, घर, आणि ओट्यावर आल्या.

"या," त्या म्हणाल्या. "मुलाचं नाव सांगा. आणि वडील आहेत ना?"